पेदनान्नांचा टेस्टर

पेदनान्नांच्या खिशात पेनाशेजारी कायम विजेचा टेस्टर असे. वर्गावर जातानाही तो सोबत असायचाच, म्हणून सोलापुरातल्या त्यांच्या कॉलेजात पोरं त्यांना 'टेस्टर सर' म्हणत. तेलुगूत वडिलांच्या थोरल्या भावाला पेदनान्ना म्हणतात. आमच्या विणकर घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले ते पहिलेच, आणि शिकवायला घेतलं काय, तर तत्त्वज्ञान!

अठराव्या शतकातल्या एका स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्यांना झपाटलं होतं. त्याचं म्हणणं ते मला जेवताना समजावत. "आजवर रोज सूर्य उगवला, म्हणून उद्या उगवेलच, याला पुरावा काय? काही नाही. आपल्याला सवय झालीये, एवढंच." वर्गात पोरं हसत असतील, मला मात्र भीती वाटे. कितीतरी दिवस मी उठल्या उठल्या आधी खिडकीकडे बघायची.

घरामागच्या पत्र्याच्या कारखान्यात आमचे टॉवेलचे चार माग होते. माझे वडील, म्हणजे नान्ना, अंघोळ करून ओल्या अंगाने, अनवाणी तिथे जात, पहिल्या मागाला हात लावून कपाळाला लावत आणि मगच बटण दाबत. पावसाळ्यात पत्रा गळायचा. पेदनान्ना आडवे येत. "व्यंकटेश, आधी टेस्टर, मग नमस्कार."

"अन्ना, तीस वर्सं हात लावतोय की. लक्ष्मी हाय ती. लक्ष्मी कुटं शॉक देती व्हय?"

"तीस वर्षांची सवय तुला आहे. मागाला नाही."

टेस्टरचा दिवा कधी लागत नसे. नान्ना माझ्याकडे बघून डोळा मिचकावत.

मी बारावीत असताना, श्रावणातल्या एका ओल्या सकाळी तो दिवा लागला. नान्नांचा हात मागापासून वीतभर होता. पेदनान्नांनी तो झटकला, धावत जाऊन मेन स्विच पाडला. उंदराने वायर कुरतडली होती.

मला वाटलं, आता पेदनान्ना 'सांगत नव्हतो?' म्हणतील. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"व्यंकटेश, आज खिशातून टेस्टर काढायचा मलाच कंटाळा आला होता रे. रोज लागत नाही, आज कशाला लागेल, असं वाटलं. तरी काढला." मग माझ्याकडे बघून पुटपुटले, "माणूस सवयीवरच जगतो, हेही त्याच तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय. मी वर्गात ते भरभर उरकायचो."

एवढं घाबरलेलं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही, शेवटच्या आजारातही नाही. जाण्याआधी त्यांनी टेस्टर माझ्या हातात दिला.

आता कारखाना मी बघते, पहिल्या मागाला नमस्कारही मीच करते. वायरिंग नवं आहे, दिवा एकदाही लागलेला नाही. म्हातारे नान्ना रोज दारातून विचारतात, "टेस्टर लावलास का गं?"

परवा मी न लावताच "लावला, नान्ना" म्हणाले. माझा हात मागापासून वीतभर होता. तो तिथेच थांबला, आणि खाली घेईपर्यंत मला श्वास घेता आला नाही.