नळ आले की वर्ग थांबायचा

आमच्या विद्यापीठाची कमान आता एवढी उंच आहे की खालून उसाचा ट्रक आरामात जाईल. मी तिथूनच निवृत्त झाले, पण त्या कमानीशी माझं कधी जमलं नाही. माझं कॉलेज औरंगपुऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेत होतं. संध्याकाळी पोरं घरी गेली की त्यांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. सगळी दिवसभर राबून आलेली माणसं. कुणी कंपाउंडर, कुणी कारकून, छावणीतला एक शिंपी, आणि मी एकटी कुणाच्या तरी घरची सून.

दुष्काळाची वर्षं होती. नळ यायचे कधीतरी, आणि आले की नेमके कॉलेजच्या वेळेला. नवरा गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. एकदा मी वर्गात असताना नळ येऊन गेले आणि घरात प्यायलासुद्धा थेंब राहिला नाही. शेजारणीकडून कळशी मागून आणावी लागली. दुष्काळात पाणी मागणं म्हणजे काय, ते ज्यानं मागितलंय त्यालाच कळेल.

सासूबाई म्हणाल्या, "शिक ना, लई शिक. माझं काय म्हणणं नाय. पण पाणी कोण भरणार, तुझं कालेज?"

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या सरांना सांगायला गेले की माझं नाव काढून टाका. सर किडकिडीत, तापट, बाह्यांवर कायम खडूची भुकटी. त्यांनी विचारलं, "घर कुठं तुमचं?"

"मागच्याच गल्लीत."

"मग नळ आले की पाणी भरून या. आम्ही थांबतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. एका बाईच्या घागरींसाठी वर्ग कुठं थांबतो का?

त्याच आठवड्यात ऐन तासाला फाटकातून शिपाईमामा ओरडले, "नळ आलेऽ!" सरांचं वाक्य फळ्यावर अर्धं झालं होतं. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला उठवेना. तेव्हा मागून शिंपीभाई म्हणाले, "जाओ बहन, हम इधरिच हैं."

मी पळाले. पिशवी बाकावरच राहिली.

पाणी भरता भरता मनात एकच चाललं होतं: तास कधीच पुढं गेला असेल, आता फक्त पिशवी घ्यायची आणि यायचं. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या लुगड्यानं दारात उभी राहिले, तर सगळे बसलेले. मधे कागदावर फुटाणे, सरांच्याही हातात मूठभर. फळ्यावर ते अर्धं वाक्य तसंच. सरांनी हात झटकले, खडू उचलला आणि वाक्य पुरं केलं. मला रडू आलं, पण लुगडं पिळायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं.

मग तो रिवाजच पडला. ज्याच्या गल्लीत नळ येतील त्यानं जायचं, बाकीच्यांनी बसायचं. अभ्यासक्रम मागं पडायचा, सर रविवारी बोलवून भरून काढायचे. एकदा त्यांनी शिकवलं की वस्तू जसजशी जास्त मिळते तसतशी तिची गोडी कमी होत जाते. मी ओला पदर झटकत म्हटलं, "सर, आमच्याकडं शेवटची घागरही पहिलीएवढीच गोड लागते." सर इतके हसले की खडू मोडला.

शहर वाढत गेलं, तसं कॉलेजही. बुटके बाक सुटले. गावाबाहेर माळावर पत्र्याच्या खोल्या आल्या, मग इमारत, दिवसाचे वर्ग, नवे विषय, वसतिगृह. मी शिकले आणि तिथंच शिकवायला लागले. विद्यापीठ झालं तेव्हा रोषणाई होती, भाषणं होती. सर मात्र त्याआधीच गेले. ते असते तर भाषणं चालू असताना फुटाणे खात बसले असते. मला त्या दिवशी त्यांची फार आठवण आली, आणि अजून येते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याचे हाल झाले. वर्ग चालू असताना एक मुलगी उठली. "मॅडम, टँकर आलाय. रूमवर कुणी नाही. जाऊ का?"

मी लिहिता लिहिता थांबले. म्हटलं, "जा पोरी, पाणी भरून ये. मी थांबते."

ती कसनुसं हसली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली.

मी खडू ठेवला. पोरांचे मोबाइल निघाले, मग एकानं विचारलं, "मॅडम, आम्ही गेलो तर चालेल?" चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार! मी एकटीच बसून राहिले. पुढच्या तासाचे प्राध्यापक दारात येऊन घड्याळ बघायला लागले, तेव्हा उठावंच लागलं. ती आली नव्हती.

तिला माझं बोलणं खरं वाटलं नसणार. मला तरी सरांचं कुठं खरं वाटलं होतं? पण माझी पिशवी बाकावर राहिली होती, म्हणून मला परत जावं लागलं.