गुप्ते साहेब आणि पहिली धाव

गुप्ते साहेब भाव करत नसत. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथे भाव न करणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस, नाही तर वेडा. साहेब पहिल्यांदा आले ते इस्त्रीच्या शर्टात, खिशाला दोन पेनं लावून. एका गिअरबॉक्सचं झाकण त्यांनी काढलं, नाक आत घालून जुन्या तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "सांग. पण एकदाच सांग."

मी नेहमीसारखा भाव फुगवून सांगितला. त्यांनी रुमालाने हात पुसले आणि चालायला लागले. मी मागून ओरडलो, "ओ साहेब, कमी होईल की! बोला तरी!" वळूनही पाहिलं नाही. गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या तर मला चालतात, त्या मीही देतो. पण असं गप्प निघून जाणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. पुढच्या रविवारी ते परत आले, त्याच गिअरबॉक्सपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सांग." मी निमूटपणे खरा भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा.

आज हे लिहितोय कारण साहेब गेले आणि त्यांच्या मागून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूही गेल्या. आता कुणाच्या मनाला काही लागायचं राहिलेलं नाही. मलाही भांडायचा कंटाळा आला आहे.

साहेब आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर बदलापूरजवळ सोनिवलीला त्यांनी छोटं घर बांधलं, आणि घरापेक्षा मोठी शेड. त्या शेडमध्ये एक जुनी काळी-पिवळी टॅक्सी उभी होती. गोल पाठीची, भंगारात जायला निघालेली. साहेबांना तिची शर्यतीची गाडी करायची होती. वळणावळणाची शर्यत नव्हे. सरळ पट्टा, गाडी जागेवर उभी, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि पाव मैलावरची रेघ गाठायची. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. त्यासाठी माणूस वर्षानुवर्षं शेडमध्ये वाकून उभा राहतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

हसलो, पण अडकलो. मी सोलापूरकडून आलो तेव्हा दयाल सेठच्या भंगाराच्या गोदामात हमाली करत होतो. लोखंड वाहून वाहून लोखंड ओळखायला शिकलो. आज त्याच दयाल सेठच्या शेजारी माझं दुकान आहे. इतकी वर्षं गाड्या तोडून विकल्या; एकही जोडलेली नव्हती. साहेबांना एका परदेशी गाडीचे दोन कार्ब्युरेटर हवे होते, हवेत पेट्रोल मिसळून देणारे, इंजिनाच्या बाजूने तोंडं बाहेर काढणारे. ते फक्त माझ्याकडे होते. साहेब म्हणाले, "सांग."

मी म्हटलं, "पैसे नकोत."

"मग?"

"गाडी तयार झाली की पहिली धाव माझी. स्टिअरिंगवर मी बसणार."

साहेबांनी दोन्ही कार्ब्युरेटर उचलून पिशवीत घातले. मग म्हणाले, "दिली." बस, इतकंच. मी हयातभर जे सौदे केले त्यात हा सगळ्यात चांगला, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग दर रविवारी सोनिवली. साहेबांचं पहिलं तत्त्व म्हणजे "लावायच्या आधी काढ." मागची सीट काढली, काचांच्या जागी प्लास्टिकच्या पातळ शीट लावल्या, दारांच्या आतल्या पत्र्याला चाळणीसारखी भोकं पाडली. बॉनेट मधोमध कापून इंजिन उघडं ठेवलं. सिलिंडरचं हेड घासून बारीक केलं. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे ज्यांच्या भोकातून पेट्रोल जातं ते पितळेचे मणी, साहेब काकूंच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात ठेवत. हळदीच्या वाटीत लहान भोकाचे, तिखटाच्या वाटीत मोठ्या भोकाचे. एक जेट बदलायचा, गाडी सोसायट्यांसाठी आखलेल्या रिकाम्या रस्त्यावर न्यायची, एकदा जोरात पळवून बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी.

"हिच्या चहाचा रंग आला पाहिजे," साहेब म्हणत.

काकू चहा घेऊन आल्या की प्लग कपाशेजारी धरत. काकू वैतागत. "अहो, चहाला पेट्रोलचा वास लागतोय! काटकर, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी काय सांगणार काकू, मला बोलू कुठे देतात?"

आणि ते खरंच होतं. मी बडबड्या माणूस, आणि साहेबांचं दुसरं तत्त्व, "गाडीला बोलू दे. तू गप्प बस." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते डोळे मिटून ऐकत. मी काही बोललो की नुसती तर्जनी वर करत. गावातला एक म्हातारा बकऱ्या घेऊन रोज तिथून जायचा. एकदा गाडीचा आवाज ऐकून थांबला आणि म्हणाला, "ओ सायेब, ही गारी हाय का इमान?" साहेबांनी त्यालाही तर्जनी दाखवली. म्हातारा गप्प झाला. बकऱ्याही.

आमची भांडणं खूप झाली. मी ठिणगीचं टायमिंग पुढे घ्या म्हणायचो, ते मागे घ्यायचे. एकदा मी पाना फेकून बदलापूर स्टेशनपर्यंत चालत गेलो. साहेबांनी फोन केला नाही. पुढच्या रविवारी गेलो तर पाना धुऊन, तेल लावून माझ्या जागेवर ठेवलेला.

शेवटी गाडी तयार झाली. घाटमाथ्यावरच्या एका खासगी धावपट्टीवर थंडीत अशा गाड्यांची शर्यत भरायची. नाव नोंदवलं. चालक म्हणून दोघांचीही नावं द्यावी लागली, पण ठरलेलं पक्कं होतं. मी नवीन हेल्मेट घेतलं. दयाल सेठला घालून दाखवलं. तो म्हणाला, "वाह साईं, एकदम हीरो! गिरना मत!"

काकूही आल्या होत्या, डबे आणि पूजेचं सामान घेऊन. गाडी पहिल्यांदा अशी बाहेर पडत होती, पूजा तर हवीच. साहेबांनी सकाळीच कार्ब्युरेटरच्या तोंडावरच्या जाळ्या काढल्या होत्या, हवा मोकळी मिळावी म्हणून. ते कागद दाखवायला गेले तेवढ्यात काकूंनी नारळ वाढवला, कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. बॉनेट तर कापलेलं. हार कुठे घालणार? त्यांना ती दोन गोल तोंडं दिसली. गाडीचं तोंड इकडेच, असं समजून हार त्यांनी तिथे अडकवला. मी बघत होतो. मला छानच वाटलं. साहेब आले, हार पाहून दचकले, पण काकू हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी हळूच हार काढला. काढताना दोरा तुटला, फुलं हातात आली. त्यांनी ती काकूंच्या ओंजळीत दिली.

आमचा नंबर पुकारला. मी आत बसलो, पट्टे आवळले. इंजिन सुरू केलं, जरा रेस दिली, पाय सोडला. आवाज खाली यायला हवा होता तेवढा आला नाही. मला वाटलं, थंडी आहे. साहेब इंजिनावर वाकले होते. पुढे झेंडावाला हात हलवत होता. साहेबांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा पलीकडे उभ्या असलेल्या काकूंकडे. मग माझ्या बाजूला आले.

"उतर."

"काय?"

"उतर म्हणतो ना."

"साहेब, पहिली माझी आहे!"

त्यांनी आत हात घालून माझ्या पट्ट्याची कडी सोडली. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि स्वतः घातलं. मी बाहेर उभा राहून काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. सगळी धावपट्टी ऐकत होती. काकूंनी कानांवर हात ठेवले.

गाडी सुटली. इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. रागातसुद्धा माझ्या अंगावर काटा आला. रेघ ओलांडली, आणि ती हळू होईना. साहेबांनी चावी बंद केली असावी, आवाज एकदम तुटला. पण तेवढ्या वेगाने ती पट्टी संपल्यावरही पुढे गेली, वाळलेल्या गवतात घुसली आणि एका कुशीवर कलून थांबली. काकू चप्पल हातात घेऊन धावत होत्या.

साहेबांचं मनगट मोडलं, बाकी काही नाही. त्यांना खुर्चीत बसवून मनगट बांधत होते तेव्हा मी गाडीपाशी गेलो. एका कार्ब्युरेटरच्या तोंडात पक्कड घातली. आतल्या झडपेभोवती गुंडाळलेला दोरा निघाला, त्याला पिवळी पाकळी चिकटलेली. झडप मिटतच नव्हती. पाय काढला तरी गाडी पळणारच. मी तो दोरा साहेबांसमोर धरला.

"खिशात घाल," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवाजावरून वाटलं. काढायला वेळ नव्हता."

"मग न्यायचीच नव्हती!"

"इतकं करून ढकलत परत आणायची? मलाही न्यायची होती रे."

"मग मला सांगायचं होतं. मी ठरवलं असतं."

"तू गेलाच असतास. म्हणून नाही सांगितलं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "काटकर, हिला कळता कामा नये. ती पुन्हा देवाला फूल वाहणार नाही."

काकू पाणी घेऊन आल्या. साहेब त्यांना म्हणाले, "माझंच ट्यूनिंग चुकलं." बाकीच्यांनाही तेच सांगितलं. जो माणूस प्लगचा रंग चहाशी जुळवून बघायचा, त्याने सगळ्यांसमोर आपलं काम कच्चं म्हणवून घेतलं. ते मला तेव्हाही कळलं. पण माझा राग गेला नाही, आणि आजही तो पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. मी सौदा केला होता. माझ्या जिवाचं मोल ठरवायचं होतं तर ते मी ठरवलं असतं. साहेबांनी परस्पर ठरवलं, जसं कारखान्यात अधिकारी कामगारांचं ठरवतात तसं. त्यात माया होती म्हणून ती साहेबगिरी नव्हती असं होत नाही.

वर आणि गप्प बसायचं. कॅम्पात बातमी आधीच पोचली होती. दयाल सेठ दुकानातून ओरडला, "काटकर साईं, तेरे साहब ने तो तेरेको मामू बना दिया!" मी वजनाचा बाट उचलला होता, पण सांगू काय शकणार होतो?

बरेच महिने मी सोनिवलीला गेलो नाही. साहेबांनी एकदाच निरोप पाठवला, की ये, दुसरी धाव तुझी. मी उलट कळवलं, सौदा पहिलीचा होता. मग एक दिवस दुकानात त्या टॅक्सीला बसणारा रेडिएटर आला. तो विकायचं माझ्या हातून होईना. घेऊन गेलो. साहेबांनी दार उघडलं, रेडिएटर पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "आत ठेव." त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. साहेबांचं मनगट नीट जुळलं नाही, पाना धरवेना. ते सांगत आणि मी आवळत असे. गाडी पुन्हा शर्यतीला गेली नाही. आम्ही नुसती ट्यून करत राहिलो, म्हाताऱ्या माणसाच्या औषधांसारखी, थोडं हे वाढव, थोडं ते कमी कर.

काकू मात्र विसरल्या नव्हत्या. चहा देताना साहेबांना टोमणा ठरलेला असे. "काटकरांना आधी द्या. निदान चहात तरी त्यांचा नंबर पहिला." साहेब खाली मान घालून चहा पीत.

साहेब दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दहाव्याच्या आधी मी भेटायला गेलो तेव्हा काकू शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडीवर चादर घातलेली. मला म्हणाल्या, "काटकर, एक विचारू? त्यांनी कधी कुणाचा शब्द मोडला नाही हो. तुमचा एकट्याचा मोडला. मी किती बोलले त्यांना त्यावरून! उत्तर दिलं नाही कधी. असं का केलं असेल?"

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं. कुणीतरी विचारावं, आणि मी सगळं काढून समोर टाकावं. माझ्या जिभेवर आलं होतं. काकूंच्या मागे खिडकीत देवघर दिसत होतं, ताजी फुलं वाहिलेली.

"काकू, त्यांनी नाही मोडला," मी म्हटलं. "ऐनवेळी मीच घाबरलो. पाय कापायला लागले. मीच म्हटलं, साहेब, तुम्ही जा. लाज वाटली म्हणून वर आरडाओरडा केला."

काकू खुर्चीतून उठल्या. मग त्यांचे डोळे भरले. "असं होय! आणि मी मेली त्यांनाच बोलत राहिले. तुमची लाज झाकायला गप्प बसले हो ते."

"हो काकू," मी म्हटलं. "तसेच होते ते."

काकूंना किती हलकं वाटलं ते मला तेराव्याला समजलं. त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. त्यांचा अंबरनाथचा भाचा, ज्याने आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "होतं असं, काका. प्रत्येकाच्यात तेवढी डेरिंग नसते."

एरवी मी त्याची कॉलर धरली असती. मी मान हलवली, हात धुतले आणि पंगतीत जाऊन बसलो.