दोन बुधू, एक हाक

पुस्तकात कैलासवासी असलेला माणूस अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत होता.

मुरबाडला ट्रकचा कारखाना उभारणाऱ्या जनार्दन टिपणीसांचं आत्मचरित्र पुन्हा छापायचं होतं. टिपणीस जाऊन बरीच वर्षं झाली. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. शहापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जोडलेल्या पहिल्या ट्रकचा त्यात फोटो आहे. ट्रकसमोर एक काळासावळा, हडकुळा पोरगा उभा आहे. त्याच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली. खाली छापलंय, 'कै. बुधू'. समोरच्या पानावर टिपणीस लिहितात : 'कसाऱ्याच्या घाटात पहिल्याच चाचणीत बुधू गेला. गाडी चढावर थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, एवढंच त्याचं काम. माझी प्रत्येक गाडी त्याच्या हातून सुटते असं मी मानतो.'

हे त्यांनी नुसतं लिहिलं नाही, तशी रीतच पाडली. आजही नवा ट्रक फाटकाबाहेर पडण्याआधी त्याच्या चाकामागे ठोकळा ठेवतात. फाटकावरचा माणूस मोठ्याने हाक देतो, "बुधू, सोड!" मग ठोकळा काढतात आणि गाडी हलते.

बुधूचं पूर्ण नाव पुस्तकात नव्हतं. ते विचारायला मी त्याच्या गावी, डोळखांबच्या वरच्या पाड्यावर गेले. पाड्याच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली एक चिरा आहे, मेलेल्याच्या नावाने उभा केलेला दगड, त्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. त्याच्या पायाशी एक जुना लाकडी ठोकळा घट्ट टेकवून ठेवला होता. बाजूचं कुंपण वाळवीने पोखरलं होतं. ठोकळ्याला मात्र काही झालं नव्हतं.

आणि तिथून दोन घरं पुढे, कामट्यांच्या ढिगात, तोच फाटका कान.

"बस बाय," तो म्हणाला. "घाबरली काय? मेलेला माणूस कामट्या तासत नाय."

त्याची नातसून हर्षाली आतून हसली. तिच्या कडेवर चारेक महिन्यांची मुलगी होती, मंगळी. मंगळवारी झालेली म्हणून मंगळी. आजा बुधवारचा, म्हणून बुधू. पाड्यावर नावं अशीच पडतात.

मी पुस्तक उघडून फोटो दाखवला. त्याने पान लांब धरून पाहिलं.

"हा मीच. पण मेला तो थोरला बुधू. मी धाकटा."

मग तासणं न थांबवता त्याने सांगितलं. दोघंही बुधवारचे, दोघंही ठोकळेवाले. मागच्या दोन चाकांना दोघं. घाटात गाडी चढावर थांबली. दोघांनी ठोकळे लावले. डायवरला आधी एकच काढून बघायचा होता, थोरल्याचा. तो ओरडला, "बुधू, सोड!"

"नाव दोघांचा. त्यानं बी सोडला, मी बी सोडला." कोयता थांबला. "गाडी मागं आली. थोरला परत ठोकळा घालाया वाकला. मी उडी मारली."

"शेठना कोणी सांगितलं नाही?"

"सांगणार काय? बुधू मेला, हे खराच होता ना."

एवढ्यात हर्षालीचा फोन वाजला. ती ओट्याच्या कडेला जाऊन हळूच म्हणाली, "आता? बरं." मग आज्याकडे वळली. "आजा, कोयता ठेवा. शाम हाक देतोय."

त्याने कोयता खाली ठेवला, हात मांडीवर उपडे केले. कुठूनही काही ऐकू आलं नाही. झाडाचं पान हललं नाही. पण त्याचे हात एकदम उलटले आणि दहाही बोटं फाकली. घट्ट धरलेलं काहीतरी कुणी सोडायला लावावं, तशी. बोटं थोडा वेळ तशीच राहिली, मग मिटली.

"ट्रक गेला," हर्षाली म्हणाली. "आधी आमाला कळायचा नाय. हंडा पडायचा, भाकर पडायची. एकदा विळा पायावर पडला. शाम फाटकावर कामाला लागला तवा टाइम जुळला."

शाम त्याचा नातू. बुधूला हाक मारायची नोकरी नातवालाच मिळाली होती.

संध्याकाळी शाम घरी आला. "आजा, नोकरी सोडू काय?" त्याने चपला काढता काढता विचारलं.

"शाम्या, तू काय बी कर, पण ता 'सोड' बोलू नको!"

दोघंही हसले. मंगळी आज्याकडे झेपावली, तसा म्हातारा हात पाठीमागे घेऊन मागे सरकला. ती रडली. हर्षालीने तिला उचलून घेतलं. त्याने आपलं एकही पोर कधी हातात घेतलं नव्हतं, हे तिने मला नंतर चुलीपाशी सांगितलं. "हिला तरी मरायच्या आधी एकदा हातात घ्यावी म्हणतात. पण फोन लागला नाय आन हाक आली तर?"

निघताना मी त्याला विचारलं, "पुस्तकातून नाव काढून टाकू?"

"नको. त्याचा नाव हाय ता." तो थांबला. "हाक बी बंद नको करू. त्याची हाक त्याला पोचू दे. पुढं 'थोरल्या' लाव. बस."

मी मजकुरात दोन ठिकाणी 'थोरला' घातलं आणि फोटोखालचं 'कै.' काढलं. कारखान्यातही तो फोटो हार घालून लावलेला होता. तिथल्या कचेरीतल्या सुयोगने कपाळाला हात लावला. "मॅडम, इतकी वर्षं आम्ही जित्या माणसाला हार घातला?" फोटो त्याने स्वतःच उतरवला. हाक बदलायला मात्र तो कुरकुरला. "थोरल्या बुधू, सोड! फार लांबडं होतंय हो." शामने त्याला म्हणून दाखवलं. लांबडं झालं नाही.

नवी हाक पहिल्यांदा द्यायची होती त्या दुपारी मी पाड्यावर होते. शामने फाटकावरून फोन लावला. हर्षालीने तो ओट्यावर ठेवला. आजा भिंतीला टेकून बसला होता. खाली गोधडीच्या दोन घड्या पसरल्या होत्या. तिने मंगळीला त्याच्या हातात दिलं आणि स्वतःचे हात खालीच धरून ठेवले.

फोनमधून इंजिनाची घरघर आली. मग शामचा आवाज.

"थोरल्या बुधूऽऽ, सोड!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. एक बोट उचललं गेलं आणि परत बसलं. मंगळीने त्याचा फाटका कान मुठीत धरून ओढला.

"सोड गो," तो तिला म्हणाला. त्याचे हात मिटलेलेच होते.

हर्षालीने पदर तोंडाला लावला. मुलगी त्याच्याकडेच झोपली. परत घ्यायला हर्षाली पुढे झाली, तर त्याने दिलीच नाही.

मला पोचवायला हर्षाली मोहाच्या झाडापर्यंत आली. थोरल्याच्या चिऱ्याचा ठोकळा जागेवर नव्हता. हातभर बाजूला, पालथा पडला होता. त्याच्याखालचं गवत पिवळं, चपटं, ठोकळ्याच्याच आकाराचं उघडं पडलं होतं.

"शेळीनं ढकलला असंल," ती म्हणाली.

"शेळ्या कुठंयत?"

तिने समोरच्या डोंगराकडे पाहिलं. "सकाळपासून वर रानात."

तिने ठोकळ्याला हात लावला नाही. मीही लावला नाही.