भाकरीखालची चिमूटभर कणीक

लेक सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, गहू बंद. कायमचा. गव्हात काही प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांची चिवट जाळी होते. तेच ग्लूटेन. हिच्या आतड्याला ते सोसत नाही. चिमूटभरसुद्धा नको.

मी देशावरचा, दोन्ही वेळा पोळी खाणारा. मे महिन्यात बायको लेकीला घेऊन वटार गावी, माहेरी गेली. तिथे पहिल्यापासून तांदळाचीच भाकरी. "घरातला गहू काढून टाका आणि भाकरी शिका. मग आम्ही दोघी येतो," म्हणाली.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या रिकाम्या घरात एका रविवारी मी कणकेचा गोळा नळाखाली धुवत बसलो. पांढरं पाणी वाहून गेलं आणि हातात रबरासारखा लगदा उरला. ताणला की लांबायचा, सोडला की आखडायचा. मी त्याला दोन-चार शिव्या दिल्या. ऐकायला दुसरं होतं कोण?

तांदळाचं पीठ मात्र गार पाण्यात तासभर मळलं तरी भाकरी फुटायची. सासूबाईंना फोन केला.

"जावईबापू, आधी उकड काढा. तांदळाला धरून ठेवणारं काही नसतं, उकळत्या पाण्यानेच तो एकजीव होतो."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर पेज समजून प्या!"

शाळा उघडायच्या आठवड्यात भाकरी जमली. थापणं काही येईना, लाटूनच करायचो. दोघी आल्या. लेक दोन भाकऱ्या खाऊन म्हणाली, "बाबा, आजीपेक्षा पातळ!" मी जो फुगलो!

दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं.

"लाटताना खाली काय भुरभुरलंत?" बायकोने विचारलं.

"कणीक. जराशीच. भाकरी चिकटत होती."

"कणीक घरात कुठून आली?"

माझ्यापुरता एक डबा मी माळ्यावर ठेवला होता. बायकोने पिशवी भरली, लेकीला घेऊन परत माहेरी गेली आणि तिचं नाव वटारजवळच्या शाळेत घातलं.

डबा मी त्याच दिवशी शेजारी देऊन टाकला, पण आता त्यावर विश्वास कोण ठेवणार? वर्षभर दर शनिवारी मी वटारला जायचो, जावई म्हणून आणि संशयित म्हणूनही. लेक आधी माझे दोन्ही हात हुंगून बघायची, मगच जेवायला शेजारी बसू द्यायची.