तसल्लीचं मूळ

काल्हेरच्या केसरीनाथचे कान यंत्रमागाच्या तीस वर्षांच्या खडखडाटानं गेले होते. घरात बायको गोदू त्याच्याशी हातांनीच बोलायची. दार लाव, जेवलास का, आमटीत मीठ पुरेसं आहे का, प्रत्येकाची तिची खूण ठरलेली. २००७ च्या माघात ती गेली. समाचाराला आलेले चार दिवस कानाशी ओरडले, मग तेही थकले.

चैत्रात कारखान्यात नवं यंत्र बसवायला तुर्कस्तानचा फिटर आला. हकिकत कळल्यावर त्यानं केसरीनाथच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तेसेल्ली."

मदरशात अरबी शिकलेला उस्मान मुकादम केसरीनाथच्या कानाशी ओरडला, "अरे, ये तो अपनीच तसल्ली. त्यांच्याकडे नि आपल्याकडे अरबीतूनच आली. मुळात अर्थ, दुःख विसरणं."

"मना न्हाय इसराचा," केसरीनाथ फटकन म्हणाला.

संध्याकाळी त्यानं आमटी केली, चाखली. अळणी होती. गोदू मिठाचं विचारायची ती खूण करायला त्यानं हात उचलला, आणि हात तसाच राहिला. बोटं कशी धरायची ते आठवेना.

नको म्हटलेली तसल्ली आधीच घरात शिरली होती.