मामाची गाडी कबनूरला जाते

मामाची गाडी उद्यमनगरात आणली त्या दिवशी मिस्त्रींनी पुढचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ताई, इंजिन चोरीला गेलंय की वो!"

मी मागचं झाकण उघडून दाखवलं. दोन खुर्च्या आणि मागची चाकं यांच्या मधल्या बोळात इंजिन आडवं बसलं होतं.

"म्हंजे हिचं काळीज पाठीला हाय म्हणा की," मिस्त्री म्हणाले. "आन् तोंडाजवळ काय?"

"पुढं रेडिएटर. आणि सामान ठेवायला जागा."

"पानी तोंडात आन् आग पाठीत. कुनी शानपना केला हा?"

इटलीत कुणीतरी केला होता. मामा बोटीवर इंजिनिअर होता. तरुणपणी त्यानं ही दोन माणसांची, पाचरीसारखी, जमिनीला टेकलेली गाडी तिकडून आणली. निवृत्त झाल्यावर जयसिंगपूरच्या शेडमध्ये तो ती रोज पुसायचा आणि क्वचित चालवायचा. जाताना माझ्या नावावर करून गेला.

आईला ते आवडलं नाही. तिनं सगळी हयात शाळेत शिकवण्यात आणि कबनूरच्या यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहिण्यात घालवली. मी बाराखडी गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती त्यांच्या छापील बाजूवरून. आमच्या घरात वस्तूला एकच प्रश्न विचारला जायचा: ही कुणाच्या उपयोगाची? पुण्याच्या एका हौशी संग्राहकाचा फोन आला, त्याला गाडी आपल्या दालनात काचेआड ठेवायची होती, तेव्हा आई लगेच म्हणाली, "देऊन टाक. श्रीमंताचं खेळणं आहे ते."

"काचेत गेली तर खेळणं. रस्त्यावर धावली तर यंत्र," मी म्हणाले.

"मग धावू दे. खंडेनवमीपर्यंत स्वतःच्या चाकांवर कबनूरला जाऊन परत आली तर ठेव. नाहीतर पुणं."

माझी आई घासाघीस करत नाही. मीही केली नाही. जी वस्तू विकत घेणाऱ्याच्या गावात दुरुस्त होत नाही ती वस्तू नव्हे, फसवणूक आहे, असं मी लिहिलंय, छापलंय आणि कॉलेजच्या फाटकात उभं राहून वाटलंयसुद्धा. आता ते सिद्ध करायची पाळी आली होती. त्यातही जागा कोणती, तर उद्यमनगर! जिथं लेथचा आवाज थांबला तर माणसं दचकून बाहेर येतात.

ब्रेक झाले. टाकीतला गंज निघाला. कार्बुरेटर धुऊन गाडी सुरू झाली तेव्हा शेजारचे दोन वर्कशॉप बंद करून लोक बघायला आले. पण पहिल्याच खेपेला शिरोली नाक्याच्या अलीकडं तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि पाणी उकळलं.

मिस्त्रींनी निदान करायला क्षणही घेतला नाही. "पानी तापलं की पयला थर्मोस्टॅट काढायचा." इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप. आमच्याकडं जीप असो, ट्रॅक्टर असो, हा भाग कुणीच ठेवत नाही. "थंड मुलखातलं थेर हाय ते. आपल्याला ऊन काय कमी हाय?"

मलाही ते पटलं. "परक्या हवेचा कायदा आपल्या गाडीला कशाला?" मी म्हणाले. झडप तिच्या डबीसकट भंगाराच्या पिंपात गेली, तिच्या जागी नळ्या साध्या तिठ्यानं जोडल्या, आणि भंगारवाला त्याच संध्याकाळी ते पिंप घेऊन गेला.

पुढच्या खेपेला गाडी गल्लीच्या टोकालाच उकळली.

मिस्त्री इंजिनाला शिव्या घालत होते. मी पुढं जाऊन रेडिएटरला हात लावला. माठासारखा गार! पाणी इथवर येतच नव्हतं. मग मी खाली आडवी होऊन नळ्या हातानं चाचपत मागं गेले आणि उलगडा झाला. या गाडीत पाण्याला दोन वाटा होत्या. एक इंजिनातल्या इंजिनात, वीतभर. दुसरी सगळी गाडी ओलांडून तोंडातल्या रेडिएटरपर्यंत, आणि तिथं गार होऊन परत. तापल्यावर जवळची वाट बंद करून पाण्याला लांब पाठवायचं, हे त्या झडपेचं काम होतं. पाण्याला तत्त्व नसतं. जवळची वाट मोकळी दिसली की ते तिथंच घुटमळतं.

"मिस्त्री, झडप पाहिजे."

"व्हय? मग काढू दिली कशाला?"

"काढली कुणी?"

"तुमीच म्हनलासा की, परका कायदा न्हाय पायजे!"

"म्हणाले. आता आपला करू."

संग्राहकाचा पुन्हा फोन आला. गाडी दिली तर झडप तो इटलीहून मागवणार होता. मी सांगितलं, ज्या गावात पाण्याचे पंप ओततात तिथं झडप बसवायला तीन तोंडांची एक डबी ओतता येते.

ओतली. पण इथल्या फौंड्रीला पातळ काही सोसत नाही. पहिली डबी आली ती नारळाएवढी. "दनकट केलीया," मिस्त्री अभिमानानं म्हणाले, "गाडी जाईल पर ही ऱ्हाईल." त्या बोळात ती शिरेना. बोळ काही आम्ही ओतला नव्हता, म्हणून डबीच पुन्हा ओतली. आत दुसऱ्या एका गाडीची, एक वाट उघडताना दुसरी बंद करणारी दोन तबकड्यांची झडप बसवली, आणि गाडीचं नाक उतारावर वर करून नळ्यांतली हवा काढत पाणी भरलं.

तोवर खंडेनवमी उजाडली. सगळं उद्यमनगर धुऊन पुसून, लेथला झेंडूचे हार घालून सुट्टीवर होतं. मिस्त्रींनी आमच्या गाडीला मात्र हार घातला नाही. "अजून जाऊन आली कुटं? बंद पडलेल्याला हार घातला की त्येचा फोटू हुतो."

आई पत्रकांचे गठ्ठे घेऊन एसटीला निघाली होती. पूजेसाठी माग थांबतात, कामगार एका जागी भेटतात, म्हणून तिचं त्या दिवशी कबनूर ठरलेलं. मी गठ्ठे उचलून गाडीच्या नाकात ठेवले. तिनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि गाडीत बसली.

हातकणंगल्यापर्यंत ती फक्त काट्याकडं बघत होती. इचलकरंजीच्या गर्दीत आम्ही अडकलो, काटा चढला, अर्ध्यावर थबकला, खाली आला. कबनूरमध्ये गाडीभोवती कोंडाळं झालं.

"बाई, मालकाची गाडी पळवून आनली काय?"

"माझ्या भावाची आहे," आई म्हणाली आणि नाक उघडून पत्रकं वाटू लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून होता. "गाडी कामावर आहे," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो, आजच. आमचं काम सुट्टीच्याच दिवशी असतं."

परत आलो तेव्हा मिस्त्री हार हातात घेऊन बंद शटरपुढं उभे होते. आधी त्यांनी गाडीच्या नाकात हात घालून रेडिएटरला तळवा टेकवला आणि झटकन मागं घेतला.

"तापलाय की वो!" ते गल्लीभर ओरडले आणि मग हार घातला.

आई उतरली. उरलेला गठ्ठा तिनं गाडीच्या नाकातच राहू दिला आणि झाकण दाबून लावलं.