रेस्ट

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी ‘मेलं’ असं एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांचा पेशंट ‘एक्स्पायर’ व्हायचा, ‘कोलॅप्स’ व्हायचा, फार तर ‘नो मोअर’. इंग्रजीत सांगितलं की जीभ अडखळत नाही, असं त्या नव्या पोरींना सांगायच्या.

एका सकाळी नऊच्या सुमारास सात नंबरच्या खाटेवरचे शिंपीकाका गेले. बाहेर बाकावर त्यांची बायको मांडीवर दुधाचा थर्मास धरून बसली होती.

“मावशी, त्यांना अरेस्ट आला. आम्ही खूप ट्राय केलं. सॉरी हं,” सिस्टर एका दमात म्हणाल्या आणि म्हातारीच्या खांद्यावर थोपटून त्यांनी काढता पाय घेतला.

दोन तासांनी त्या कागदावर सही घ्यायला आल्या, तर म्हातारी फोनवर शिक्षिका असलेल्या लेकीला सांगत होती, “अगं, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. त्यांना रेस्ट दिलीय, सिस्टर स्वतः सांगून गेल्या. तुझे तास आटोप आणि सावकाश ये.” मग सिस्टरांकडे बघून ती हसली. “उठले का हो? दोन घोट दूध पाजते म्हटलं.”

सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, काका गेले.”

“कुठं नेलं?”

“नेलं नाही. वारले. सकाळीच.”

म्हातारीनं थर्मास बाकावर ठेवला. “मग मघाशी काय सांगितलंत?”

सिस्टरांनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला.

“मला कळलं असतं, तर एवढा वेळ त्यांच्यापाशी बसले असते,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर बरं, असं सिस्टरांना वाटलं.

त्यांनी तिला आत नेलं, पडदा सारला, स्टूल ठेवलं. मग स्वतःच लेकीला फोन लावला.

“सकाळी गेले आणि आत्ता सांगताय?” लेक किंचाळली.

‘कम्युनिकेशन गॅप’ हे शब्द सिस्टरांच्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळून त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही.”

लेक धावत आली. सगळं आटोपून मायलेकी निघाल्या, तेव्हा सिस्टर जिन्यापर्यंत त्यांच्या मागोमाग गेल्या. दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही.